लिहिलेलं टिकतं कसं? जॉन ला रोज आणि कॅरिबियन साहित्याची गोष्ट

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. १९७१ मध्ये सुनील गावसकरांनी आपल्या पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा कुटल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचली. आमच्या गोलंदाजांना हा गडी काही बाद होत नाही, अशी सरळ कबुली देणारं ते गाणं मुंबईतल्या जुन्या क्रिकेटवेड्यांना आजही आठवतं. चालू घडामोडींवर गाण्यातून टोलेबाजी करायची ही त्रिनिदादची जुनी परंपरा, आणि तिच्या तडाख्यातून कुणीच सुटत नाही.

त्या बेटांवरच्या लेखनाबद्दल मात्र आपली माहिती एक-दोन नावांपाशी थांबते. व्ही. एस. नायपॉल माहीत असतात. त्यांना नोबेल मिळालं म्हणून, आणि त्याहून जास्त त्यांनी भारताची खरडपट्टी काढली म्हणून. डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये नोबेल मिळालं हे काहींना आठवतं. त्यापुढे गाडी जात नाही.

याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. खुद्द कॅरिबियन वाचकालाही शेजारच्या बेटावरचा लेखक सहजासहजी वाचायला मिळत नव्हता. असं का होतं, आणि ते बदलावं म्हणून जॉन ला रोज नावाच्या कवीने लंडनमध्ये बसून चाळीस वर्षं काय खटपट केली, ते सांगतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. जमैकातल्या किंग्स्टनपासून त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनपर्यंत हजार मैलांहून जास्त समुद्र आहे. मधल्या बेटांवर कुठे इंग्रजी, कुठे फ्रेंच, कुठे स्पॅनिश, कुठे डच चालते, कारण जो मालक आला त्याने आपली भाषा आणली. आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, आले. त्रिनिदादला त्यांचं पहिलं जहाज लागलं ते १८४५ मध्ये. त्यातले बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, कलकत्त्याहून चढलेले. नायपॉल आणि सॅम्युअल सेल्व्हॉन हे लेखक याच मंडळींच्या वंशातले.

इतकी माणसं, इतक्या बोली, पण छापखाना, प्रकाशक, समीक्षक आणि शाळेचा अभ्यासक्रम हे सगळं लंडनच्या हातात. बार्बाडोसमध्ये 'बिम' आणि गयानामध्ये 'किक-ओव्हर-अल' अशी मासिकं १९४० च्या दशकात निघाली, आणि त्यांनी जिद्दीने तग धरला. पण मासिकाने पुस्तकाची भूक भागत नाही. सगळ्यात चमत्कारिक प्रकार रेडिओचा. जमैकन कवयित्री युना मार्सन यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये बीबीसीवर 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा साहित्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ पर्यंत चालला. किंग्स्टनच्या लेखकाने गोष्ट लिहायची, ती टपालाने लंडनला पाठवायची, तिथे ती वाचली जायची, आणि मग ती लहरींवरून समुद्र ओलांडून बार्बाडोसच्या श्रोत्याला ऐकू यायची. शेजाऱ्याशी बोलायला लंडनची परवानगी लागते ती अशी. तरीही या कार्यक्रमाने एक पिढी घडवली हे नाकारता येत नाही.

ही पिढी पुढे स्वतःच लंडनला आली. जॉर्ज लॅमिंग आणि सेल्व्हॉन तर १९५० मध्ये एकाच बोटीने आले. पन्नासच्या दशकात लंडनच्या प्रकाशकांना या नव्या आवाजाचं कौतुक होतं. कादंबऱ्या निघाल्या, परीक्षणं आली. पण कौतुक ओसरलं की प्रकाशक पहिली आवृत्ती संपल्यावर दुसरी काढत नाही. तो हिशेबी माणूस. वर्षाला पन्नास प्रती खपणाऱ्या पुस्तकासाठी तो कागद अडकवत नाही. पुस्तक बाजारातून गेलं की ते शिकवता येत नाही, शिकवलं नाही की मागणी होत नाही, आणि मागणी नाही म्हणून ते छापलं जात नाही. हे चक्र एकदा सुरू झालं की चांगल्यातलं चांगलं पुस्तक वीस वर्षांत गडप होतं. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांची 'मिंटी अॅली' ही कादंबरी १९३६ मध्ये लंडनमध्ये छापली गेली होती. साठच्या दशकात तरुण कॅरिबियन लेखकांना ती नुसती ऐकून माहीत असायची.

ला रोज यांचं सगळं काम या चक्रात पाचर मारण्याचं आहे.

त्यांचा जन्म १९२७ चा, त्रिनिदादमधल्या अरिमा गावातला. वडील कोकोचे व्यापारी, आई शिक्षिका. शिष्यवृत्तीवर चांगल्या कॉलेजात शिकले, शिकवलं, विमा कंपनीत मोठ्या पदावर पोचले. घरच्यांना आणखी काय हवं? पण हा माणूस कामगार चळवळीत शिरला, वेस्ट इंडियन इंडिपेन्डन्स पार्टी काढणाऱ्यांत होता, आणि वसाहतीच्या सरकारने त्यांना आजूबाजूच्या बेटांवर पाय ठेवायलाही बंदी केली. याच काळात 'अटिला द हुन' या नावाने गाजलेले कॅलिप्सो गायक रेमंड क्वेवेडो यांच्याबरोबर त्यांनी कॅलिप्सोच्या इतिहासावर लेखन केलं. ज्या गाण्यांना तेव्हाचे सुशिक्षित लोक नाक मुरडत, त्यांचा इतिहास लिहावा असं वाटणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गावसकरांवरचं गाणं ज्या परंपरेतलं, तीच ही.

पुढे काही काळ ते व्हेनेझुएलात शिक्षक होते. १९६१ मध्ये लंडनला आले ते कायमचे, तरी त्रिनिदादच्या तेलकामगार संघटनेचे युरोपातले प्रतिनिधी म्हणून त्यांनी तिकडची नाळ तुटू दिली नाही.

१९६६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहचारिणी सेरा व्हाइट यांनी 'न्यू बीकन बुक्स' सुरू केलं. ब्रिटनमधलं हे पहिलं कॅरिबियन प्रकाशनगृह आणि पुस्तकांचं दुकान. दुकान म्हणजे तेव्हा राहतं घरच. नाव त्यांनी मुद्दाम जुनं उचललं: १९३१ ते १९३३ या काळात त्रिनिदादमध्ये 'द बीकन' नावाचं एक बंडखोर मासिक निघत असे, जेम्स त्यात लिहीत. तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मासिकाचं नाव नव्या दुकानाला देण्यामागे त्यांचा एक पक्का विचार होता. वसाहतीत वाढलेल्या समाजात प्रत्येक पिढीला वाटतं की सुरुवात आपल्यापासूनच आहे, कारण आधीच्या पिढीने काय विचार केला हे तिच्या हाती लागतच नाही. राजा बदलतो, भाषा बदलते, कागद परदेशी जातात, पुस्तकं संपतात. ला रोज हे तुटलेपण फार गंभीर मानत. ते जोडायचं साधन त्यांच्या मते प्रकाशन.

हे ऐकायला जरा भारदस्त वाटतं, म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण जरा सविस्तर सांगतो. माझ्या मते न्यू बीकनने केलेलं हे सगळ्यात देखणं काम आहे.

एकोणिसाव्या शतकात त्रिनिदादमध्ये जॉन जेकब थॉमस नावाचे एक कृष्णवर्णीय शाळामास्तर होते. घरची श्रीमंती नाही, विद्यापीठाची पदवी नाही, खेडेगावांत शिकवायचे. त्रिनिदाद इंग्रजांच्या ताब्यात असलं तरी तिथली बहुसंख्य माणसं तेव्हा फ्रेंचमधून तयार झालेली क्रिओल बोली बोलत. कोर्टात साक्षीदार क्रिओल बोले आणि न्यायाधीशाला इंग्रजीशिवाय काही कळत नसे. मधला दुभाषा जे सांगेल त्यावर माणसाचं भवितव्य ठरायचं. थॉमस यांनी १८६९ मध्ये या बोलीचं सविस्तर व्याकरण लिहून छापलं. जिला अडाण्यांचं मोडकंतोडकं फ्रेंच समजलं जाई, तिला काळ आहेत, प्रत्यय आहेत, म्हणी आहेत, हे एका शाळामास्तराने दाखवून दिलं.

त्यानंतर वीस वर्षांनी जेम्स अँथनी फ्रूड या नावाजलेल्या इंग्रज इतिहासकाराने वेस्ट इंडीजची एक सफर केली आणि १८८८ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं की इथली काळी माणसं स्वतःचा कारभार चालवायला लायक नाहीत, इंग्रज गेले तर ती रानटीपणाकडे परत जातील. थॉमस तेव्हा आजारी होते. तरी ते लेखणी घेऊन बसले. फ्रूडच्या नावावरच कोटी करून त्यांनी पुस्तकाला नाव दिलं 'फ्रूडॅसिटी', म्हणजे फ्रूड अधिक 'ऑडॅसिटी' (उद्धटपणा). हे उत्तर आधी ग्रेनाडातल्या एका वृत्तपत्रात क्रमशः आलं आणि १८८९ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपात निघालं. फ्रूड यांनी बग्गीत बसून काय पाहिलं, कुणाशी बोलले, कुणाशी बोललेच नाहीत, हे थॉमस एकेक करून काढतात. त्याच वर्षी लंडनमध्येच ते वारले. फ्रूड यांना पुढे ऑक्सफर्डमध्ये इतिहासाचं मानाचं प्राध्यापकपद मिळालं. थॉमस यांचं पुस्तक विस्मरणात गेलं.

न्यू बीकनने १९६९ मध्ये थॉमस यांची दोन्ही पुस्तकं पुन्हा छापली. 'फ्रूडॅसिटी'ला प्रस्तावना लिहिली सी. एल. आर. जेम्स यांनी. व्याकरण बरोबर शंभर वर्षांनी परत आलं. आपल्या समाजाला राजकीय विचारच नव्हता असं ज्या तरुणांना शिकवलं गेलं होतं, त्यांच्या हातात ऐंशी वर्षं जुना, धारदार, विनोदी युक्तिवाद पडला. दोन वर्षांनी 'मिंटी अॅली'ही परत आली. छापणाऱ्यांचा आकार बघता हे धाडसच होतं, कारण अशी पुस्तकं भराभर खपत नाहीत.

स्वतःच्या कवितांचं काय? न्यू बीकनचं पहिलं पुस्तक ला रोज यांचाच 'फाउंडेशन्स' हा संग्रह होता. त्यानंतरचा 'आयलेट्स ऑफ ट्रुथ विदिन मी' आला तो १९९२ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी! मधल्या काळात ते इतरांचीच पुस्तकं काढत राहिले. कवी म्हणून त्यांचं नाव वॉलकॉटच्या शेजारी कुणी ठेवणार नाही आणि त्यांनी तसा आग्रहही धरला नाही.

न्यू बीकन सुरू झालं त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये एक बैठक झाली. बार्बाडोसचे कवी आणि इतिहासकार कमाऊ ब्रॅथवेट तेव्हा संशोधनासाठी तिथे होते. जमैकाचे लेखक अँड्रयू सॅल्की बीबीसीवर काम करत. या दोघांनी आणि ला रोज यांनी मिळून कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट उभी केली; सगळे तिला 'कॅम' म्हणत. अडचण साधी होती: लंडनमध्ये कॅरिबियन लेखक, चित्रकार, शिल्पकार डझनावारी होते, पण एकमेकांना भेटत नव्हते. जो तो आपल्या इंग्रज प्रकाशकाशी किंवा गॅलरीशी बांधलेला. कॅमने त्यांना एका खोलीत आणलं. गयानाचे चित्रकार ऑब्री विल्यम्स, जमैकाचे शिल्पकार रोनाल्ड मूडी, कादंबरीकार विल्सन हॅरिस अशी मंडळी आली आणि कडाडून भांडली. कलेने लोकांसाठी असावं की नाही, आफ्रिकेकडे किती बघायचं, असले वाद. सभेत न्यू बीकनच्या पुस्तकांचं टेबल मांडलेलं असायचं. कॅम १९७२ पर्यंत चालली. सहा वर्षं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पुढच्या पन्नास वर्षांची ओळखपाळख तिथे झाली.

या वादांमधला भाषेचा मुद्दा जरा समजून घेण्यासारखा आहे. कॅरिबियन मुलं शाळेत इंग्लंडच्या कविता घोकत मोठी झाली. त्यांना बर्फ, डॅफोडिल्स, वसंत ऋतू सगळं पाठ. दरवर्षी घराची छपरं उडवणाऱ्या चक्रीवादळावर लिहायला मात्र शब्द नाहीत. ब्रॅथवेट सांगत की उसाच्या मळ्यावर बर्फ पडतोय अशी वाक्यं मुलं निबंधात लिहीत. त्यांचं म्हणणं, छंदाचंही तसंच आहे. इंग्रजी कवितेची दहा अक्षरांची ठरीव ओळ त्या हवामानाला पुरत नाही. वादळ काही त्या मापात गर्जत नाही. कवीने लय घ्यायची ती कॅलिप्सोची, ढोलाची, बाजारातल्या बायकांच्या बोलण्याची. हा विचार मांडणारं 'हिस्टरी ऑफ द व्हॉइस' हे त्यांचं छोटंसं पुस्तक १९८४ मध्ये छापलं ते न्यू बीकननेच. थॉमसच्या व्याकरणापासून इथपर्यंत एक सरळ धागा दिसतो, आणि तो दिसतो कारण दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर मिळत होती.

साहित्य म्हणजे कविता-कादंबऱ्याच, असं ला रोज यांनी कधी मानलं नाही. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये आलेल्या कॅरिबियन कुटुंबांची मुलं मोठ्या संख्येने 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत टाकली जात होती. ग्रेनाडाचे बर्नार्ड कोर्ड तेव्हा अशा मुलांना शिकवत. बुद्ध्यांक चाचणीची भाषा, तिच्यातली उदाहरणं, प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा, सगळं गोऱ्या मध्यमवर्गीय घरातलं. नुकतंच जमैकाहून आलेलं मूल त्यात गडबडलं तर तो दोष चाचणीचा, हे त्यांनी एका पुस्तिकेत मांडलं. १९७१ मध्ये न्यू बीकनने ती काढली. पालकांनी ती अक्षरशः हातोहात नेली आणि शाळांना जाब विचारायला सुरुवात केली. (हेच कोर्ड पुढे ग्रेनाडाच्या क्रांतिकारी सरकारात उपपंतप्रधान झाले आणि १९८३ च्या रक्तपातानंतर त्यांना दीर्घ तुरुंगवास झाला. तो वेगळ्या लेखाचा विषय.) ला रोज यांनी स्वतःच्या घरात १९६९ पासून मुलांसाठी जोडशाळाही चालवली होती. नेहमीच्या शाळेत जे शिकवत नाहीत ते तिथे शिकवलं जाई.

राजकारणही सुटलं नाही. १८ जानेवारी १९८१ रोजी लंडनच्या न्यू क्रॉस भागात वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून तेरा कृष्णवर्णीय तरुण-तरुणी गेले. सरकार गप्प, वृत्तपत्रं उलट मुलांवरच संशय घेणारी. त्यानंतर उभ्या राहिलेल्या कृती समितीचे अध्यक्ष होते ला रोज. २ मार्चला, कामाच्या दिवशी, सुमारे २०,००० लोक लंडनच्या रस्त्यांवर चालले. इतका मोठा कृष्णवर्णीयांचा मोर्चा ब्रिटनने आधी पाहिला नव्हता. पुस्तकवाला माणूस इथे कसा, असा प्रश्न त्या भागात कुणाला पडला नाही. पत्रकं कुठे छापायची, सभा कशी घ्यायची, कागद कसे जपायचे हे त्यालाच येत होतं.

पुढच्याच वर्षी सुरू झालेला पुस्तकमेळा हा त्यांच्या कामाचा कळस म्हणावा लागेल. नाव लांबलचक: 'इंटरनॅशनल बुक फेअर ऑफ रॅडिकल ब्लॅक अँड थर्ड वर्ल्ड बुक्स'. न्यू बीकनसारखंच गयानाच्या जेसिका आणि एरिक हंटली यांचं 'बोगल-लुव्हर्चर' हे प्रकाशन होतं. धंद्याच्या हिशेबाने दोघे प्रतिस्पर्धी, पण मेळा त्यांनी 'रेस टुडे' या गटाबरोबर मिळून भरवला. पहिल्याचं उद्घाटन म्हाताऱ्या सी. एल. आर. जेम्स यांनी केलं. १९८२ ते १९९५ मध्ये असे बारा मेळे झाले. लंडनबाहेर मँचेस्टर, ब्रॅडफर्ड, लीड्समध्येही. आफ्रिका, आशिया, कॅरिबियन, अमेरिका इथले छोटे प्रकाशक आपापली खोकी घेऊन येत. नैरोबीच्या प्रकाशकाला किंग्स्टनचा प्रकाशक थेट भेटे आणि एकमेकांची पुस्तकं विकायचे व्यवहार तिथल्या तिथे ठरत. बीबीसीच्या काळात लंडन मध्यस्थ होतं. आता जागा तीच, पण सूत्रं पाहुण्यांच्या हाती.

दुकान १९७३ पासून उत्तर लंडनमधल्या फिन्सबरी पार्कजवळ, ७६ स्ट्राउड ग्रीन रोडवर आहे. वरच्या मजल्यांवर १९९१ मध्ये जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूट सुरू झालं. पॅडमोर हेही त्रिनिदादचे, आफ्रिकी स्वातंत्र्यलढ्यांचे मोठे संघटक. कॅमचा पत्रव्यवहार, शाळांच्या लढ्याची कागदपत्रं, न्यू क्रॉसच्या समितीचे दस्तऐवज, सगळं तिथे आहे. चळवळीतली माणसं सहसा कागद जपत नाहीत. लढा संपला की खोकी माळ्यावर आणि मग रद्दीत. ला रोज यांनी चिटोरीसुद्धा सांभाळली. आज त्या काळावर प्रबंध लिहिणाऱ्याला तिथली पायरी चढावीच लागते.

ते २००६ मध्ये गेले. त्यानंतरचा प्रवास सरळ नाही. २०२१ मध्ये पेंग्विनने 'मिंटी अॅली' नव्या दिमाखात बाजारात आणली, कृष्णवर्णीय ब्रिटिश लेखनाच्या विसरलेल्या पुस्तकांच्या मालेत. मोठ्या प्रकाशकाला या पुस्तकात आता धंदा दिसतो, ही चांगलीच गोष्ट. मधली कित्येक दशकं ते जिवंत ठेवलेल्या दुकानाची मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस गाळा बंद करून फक्त ऑनलाइन विक्री करायची तयारी चालली होती. भाडं, ऑनलाइनची स्पर्धा, जुनी इमारत, कारणं कुठल्याही पुस्तकवाल्याला तोंडपाठ असतील अशीच. ग्राहकांनी इंटरनेटवरून वर्गणी काढली, दुकान तरलं, आणि अजून त्याच पत्त्यावर उघडतं.